पुराणिक सरांची मंडळी

फाईल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जात असताना पुराणिक सर चहा पीत नाहीत. कोणी आणून ठेवला तर कपावर बशी पालथी घालतात आणि म्हणतात, "थांबा भिया, मंडळी रस्त्यात आहेत." मंडळी म्हणजे फाईलमधली माणसं. आम्ही बाकीचे ज्याला रेकॉर्ड म्हणतो, केस म्हणतो, घाईत असलो तर नुसतं 'एन' म्हणतो, त्याला सर मंडळी म्हणतात. इकडून किती निघाली, तिकडे किती पोचली, हे दोन आकडे डायरीत शेजारी शेजारी लिहायचे, खाली रेघ मारायची आणि मगच बशी उचलायची. तोवर चहावर जाड साय धरलेली असते. सर ती चमच्याने बाजूला करतात आणि थंडगार चहा पिऊन 'वा' म्हणतात.

मी सोलापूरची. दोन वर्षांपूर्वी नोकरी घेऊन इंदूरला आले, अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या एका गल्लीतल्या तीन मजली संस्थेत. ही संस्था कुटुंबांच्या पाहण्या करते. कोण काय खातं, कुठलं पाणी पितं, कोण आजारी पडतं, मुलं शाळेत जातात का, असं सगळं. घरोघर जाऊन विचारणारी माणसं वेगळी, आकड्यांवरून अहवाल लिहिणारी मी वेगळी, आणि या दोघांच्या मध्ये, तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, पुराणिक सर. पहिल्याच दिवशी मी त्यांना फोन करून एक फाईल ईमेलने पाठवायला सांगितली. दहा मिनिटांनी ते स्वतःच दोन जिने चढून वर आले. हातात पेन ड्राइव्ह, त्याला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर मंडळींचा आकडा. मी म्हटलं, सर, ईमेल चाललं असतं. तर म्हणाले, "चाललं असतं ना, मेघनाजी. पण ईमेलमध्ये काय आहे, सोबत कोणी नसतं."

मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

सर उंच, सडपातळ, बाराही महिने अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. खिशात दोन पेनं, निळं निघालेल्यांसाठी आणि हिरवं पोचलेल्यांसाठी. ही दोन पेनं आपसात बदलली तर दिवस वाया गेला असं समजायचं. बोलणं अस्सल इंदूरचं. "परेशान नका होऊ" हे त्यांचं लाडकं वाक्य, आणि ते नेमकं अशा वेळी येतं की ऐकणारा तोवर शांत असला तरी परेशान होतो.

त्यांच्या खोलीत एक जुनं यंत्र होतं. सगळे त्याला 'बडी मशीन' म्हणत. माझ्या जन्माच्या आसपास कधीतरी घेतलेलं, युनिक्सवर चालणारं, पिवळट पडलेलं धूड. संस्थेची पहिली आणि सगळ्यात मोठी पाहणी त्याच्या पोटात होती. अन्नपूर्णेपासून लालबागेपर्यंतची काही हजार कुटुंबं, दर दोन वर्षांनी एक अशा सात फेऱ्या. त्या पाहणीसाठी सर ऐन पंचविशीत सायकलवर घरोघर फिरले होते, नंतर तीच माहिती त्यांनी टाइप केली, नंतर आयुष्यभर सांभाळली. त्यांनी लग्न केलं नाही. बघू बघू म्हणता पुढची फेरी यायची, असं ते एकदा म्हणाले होते आणि लगेच डायरी उघडून बसले होते. बडी मशीनला पेन ड्राइव्ह म्हणजे काय ते माहीत नव्हतं. एक वायर लावून, सरांनाच पाठ असलेले हुकूम देऊन तिच्याकडून काय ते काढून घ्यावं लागे. तिच्यावर सरांनी जुन्या गोधडीची खोळ शिवून घेतली होती.

मी एकदा वैतागून विचारलं की आकडे तर आकडेच, मग एका यंत्राचे दुसऱ्या यंत्राला कळत का नाहीत. सरांनी शांतपणे एक कोरा कागद माझ्यासमोर जेवणाच्या पानासारखा ठेवला. म्हणाले, आपल्याकडे चटणी-कोशिंबीर डावीकडे वाढतात, भाजी उजवीकडे. आता समजा एखाद्याने सगळं उलटं वाढलं. पदार्थ तेच, मीठही तेवढंच, पण डोळे मिटून जेवणारा माणूस भाजी म्हणून ठेच्याचा घास घेणार. "बडी मशीन डावीकडून वाढते, तुमची उजवीकडून खाते. म्हणून तिला ठसका लागतो." कॉलेजात चार वर्षं शिकून जे मला धड कळलं नव्हतं, ते त्या कोऱ्या कागदावर कळलं. हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही.

सरांच्या या धास्तीला कारणं होती, हे मात्र मान्य करायला हवं. माझ्या आधी माझ्या जागेवर असलेल्या मुलाने एकदा एक फाईल आणली तर मंडळी एकाने वाढली. सरांनी तीन दिवस शोध घेतला. शेवटी कळलं की सगळ्यात वरची मथळ्यांची ओळ यंत्राने एक कुटुंब म्हणून धरली होती. सर अजूनही त्या कुटुंबाची चौकशी करतात. दुसऱ्या एका वेळी लग्नाच्या तारखा बरोबर आल्या आणि जन्मतारखा दहा वर्षं पुढे सरकल्या, कारण एक प्रोग्रॅम दिवस मोजायला जिथून सुरुवात करतो, दुसरा त्याच्या बरोबर दहा वर्षं नंतर करतो. त्या दुपारी अर्ध्या इंदूरच्या बायका पाळण्यात असतानाच बोहल्यावर चढल्या. अहवाल छापायला गेलाही होता. सरांनी तो प्रेसमधून स्कूटरवर घालून परत आणला.

आणि त्या आजी. वयाच्या रकान्यात माहिती मिळाली नसेल तर नव्व्याण्णव लिहायची पद्धत होती. पण लालबागेजवळच्या एका घरात खरोखरच नव्व्याण्णव वर्षांच्या आजी होत्या, आणि यंत्र त्यांना दर वेळी 'वय मिळालं नाही'मध्ये ढकलायचं. सर चिडले. त्या आजींनी त्यांना स्वतःच्या हाताने पोहे करून घातले होते. सरांनी वरिष्ठांशी भांडून अख्ख्या पाहणीतला वयाचा रकाना दोनाचा तीन आकडी करून घेतला. एका आजीसाठी रकाना रुंद करणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

बाकीच्या रकान्यांत मात्र जुनेच आकडे राहिले, आणि सगळा घोटाळा त्यांच्यावरून झाला. ते तीन होते. सत्त्याण्णव म्हणजे माणूस उत्तर द्यायला नाही म्हणाला. अठ्ठ्याण्णव म्हणजे माहीत नाही म्हणाला. नव्व्याण्णव म्हणजे घरी कोणी नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात डायरेक्टर साहेबांनी ठरवलं की बडी मशीन आता भंगारात द्यायची. महिनाअखेर सरही निवृत्त होत होते, त्यामुळे एकाच महिन्यात दोन्ही खोल्या मोकळ्या होतील, असं ते म्हणाले. खरं तर खोली एकच होती, पण साहेब हिशेबात कच्चे नव्हते, घाईत होते. पाहणी नव्या यंत्रावर आणायचं काम माझ्याकडे आलं. सर रजेवर होते त्या गुरुवारी मी त्यांच्या वहीतले हुकूम बघून वायर लावली, रात्री जागून लिहून ठेवलेला प्रोग्रॅम चालवला आणि दुपारी चारच्या आत सात फेऱ्या माझ्या लॅपटॉपवर आणल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. कबाडीवाल्याला पुढच्या शुक्रवारी बोलावलं.

शुक्रवारी सकाळी सर आले. मंडळी मोजली. पुन्हा मोजली. मग निळं पेन खिशात ठेवून म्हणाले, "एक घर कमी आहे."

मी तपासलं. चूक माझीच होती. नव्या प्रोग्रॅमने तिन्ही आकड्यांचा मिळून एकच ठिपका केला होता. नाही म्हणालेला, माहीत नाही म्हणालेला आणि घरी नसलेला, सगळे ठिपका. त्यावर मी शहाणपणा करून एक ओळ लिहिली होती की ज्या घराचं एकही उत्तर नाही, ज्याच्या ओळीत नुसते ठिपके आहेत, ते घर काढून टाक. असं एकच घर निघालं होतं. एकशे सतरा नंबरचं.

मी म्हटलं, सर, त्यात काहीच नाहीये. डायरेक्टर साहेब म्हणाले की पुराणिकजी, एक खाली घर से औसत में क्या फर्क पडेगा. मी तर एवढंही म्हणाले की मी ते घर हाताने टाइप करून टाकते, पाच मिनिटांचं काम. सरांनी हात आडवा केला. हाताने टाकलेलं घर पोचलेलं धरत नाहीत, ते म्हणाले, ते इथेच जन्मलेलं असतं. सगळं पुन्हा आणायचं, अगदी पहिल्यापासून, ठिपके न करता. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. हातात एक आठवडा होता, आणि बडी मशीनचं काही खरं नव्हतं. सुरू होताना ती हल्ली गिरणीसारखी घरघरायची.

मला अपराधी वाटत होतं आणि रागही येत होता. एका रिकाम्या ओळीसाठी एवढा आटापिटा? रविवारी सकाळी कोपऱ्यावर पोहे खायला गेले तर सर तिथेच, स्कूटरला टेकून उभे. शुक्रवारपासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो. ते म्हणाले, एका घरी जातोय, येता का. मी मागे बसले.

लालबागेच्या पलीकडे एका दुमजली घरापुढे त्यांनी स्कूटर लावली आणि बेल वाजवली. बनियनवर एक गृहस्थ बाहेर आले आणि आम्हाला बघून म्हणाले, मीटर उधर है. सर हात जोडून म्हणाले, "जी मीटर नहीं. हम सर्वे के लिए आए थे. आप लोग घर पर नहीं थे."

"कब आए थे?"

"तीस-बत्तीस साल हुए."

गृहस्थांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला स्कूटरच्या मागे लपावंसं वाटलं. मग त्यांनी आत जाऊन आईला आणलं. म्हातारी भिंतीला धरून उभी राहिली, सरांनी महिना सांगितला, तिने आठवलं, आणि तिचा चेहरा खुलला. तेव्हा तर आम्ही खांडव्याला गेलो होतो, नणंदेच्या लग्नात, ती म्हणाली. मग नणंदेचं लग्न, नवऱ्याची नोकरी, मुलाचं दुकान असं सगळं आलं. आम्हाला चहा मिळाला, वर शेव. सरांनी एक अक्षरही लिहून घेतलं नाही. निघताना पुन्हा हात जोडले.

परतताना मी विचारलं की आता पाहणीत तर काहीच बदलता येणार नाही, मग हे कशासाठी. तेव्हा कळलं की हे बरीच वर्षं चाललंय. दर रविवारी एक घर. नव्व्याण्णववाली पुष्कळशी झाली, काही राहिली. जी कुटुंबं घर सोडून गेली त्यांचे पत्ते शोधायचे, नाही सापडले तर तसं लिहून ठेवायचं.

"त्यांनी नाही म्हटलं नव्हतं ना," सर म्हणाले. "आपण बेल वाजवून परत आलो, त्यांना पत्ताच नाही. मतलब, कोणी येऊन गेलं होतं हे माणसाला कळायला हवं. म्हणून सांगून येतो."

सोमवारपासून मी प्रोग्रॅम नव्याने लिहायला घेतला. तिन्ही आकडे जसे आहेत तसे साध्या मजकुरात आणायचे, कुठल्या आकड्याचा काय अर्थ ते वेगळ्या कागदावर, आणि ती शहाणपणाची ओळ पुसून टाकली. सर शेजारी बसून एकेक रकाना वाचून दाखवत. माझा वेग निम्म्याने कमी झाला आणि चुकाही.

बडी मशीन मधले दोन दिवस सुरूच झाली नाही. शुक्रवारी सकाळी झाली. वायर लावली, मंडळी निघाली. एकेक फेरी यायला तासभर लागत होता. सहावी फेरी अर्ध्यात असताना कबाडीवाला ठरल्यापेक्षा तासभर आधीच हातगाडी घेऊन दारात हजर. डायरेक्टर साहेबांनी वरून निरोप पाठवला की बस, अब दे दो. सरांनी कबाडीवाल्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, बशीखालचा चहा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "आराम से पियो भिया, अपने लोग अभी रास्ते में हैं." त्याने खोलीभर नजर फिरवली. मग दाराबाहेर पाहिलं, कोण येतंय म्हणून. मग चहा प्यायला.

साडेचारला सातवी फेरी पूर्ण झाली. मी आकडा वाचला. सरांनी हिरव्या पेनाने लिहिला. जुळला. त्यांनी रेघ मारली नाही.

"एकशे सतरा बघा जरा."

मी उघडलं. होतं. सात फेऱ्या, प्रत्येक फेरीत प्रत्येक प्रश्नापुढे नव्व्याण्णव. पानभर दुसरं काहीच नाही. नाही म्हणणाऱ्यांच्या जागी पहिल्या फेरीनंतर दुसरं घर घ्यायचा नियम होता, पण घरी नसणाऱ्यांकडे पुन्हा जायचं असे. म्हणून हे घर सातही वेळा यादीत राहिलं होतं आणि सातही वेळा बंद सापडलं होतं. मी म्हटलं, सर, याच्याकडे तुम्ही रविवारी गेलात का. त्यांनी पत्त्यांचं जुनं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. एकशे सतराच्या पुढे त्यांच्या गल्लीचं नाव होतं, आणि कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचंच.

चिठ्ठ्या टाकून घरं निवडली तेव्हा त्यांचंही घर निघालं होतं. स्वतःच्या घराची माहिती स्वतः भरायची नाही असा नियम, म्हणून दुसरे एक सहकारी जायचे. ते जायचे तेव्हा सर लोकांच्या घरी सर्व्हे करत असायचे. रविवारी ये म्हणून सर त्यांना सांगत, पण ते गृहस्थ रविवारची सुट्टी सोडत नसत. आई-वडील धारला थोरल्या भावाकडे. दार उघडायला दुसरं कोणी नव्हतं.

"ठिपका झाला ना की फरक कळत नाही," सर रजिस्टर मिटत म्हणाले. "मी नाही म्हटलं नव्हतं, मेघनाजी. फक्त घरी नव्हतो."

मी स्क्रीनकडे बघत राहिले, आकडे तपासतेय असं दाखवत. सरांनी डायरीत रेघ मारली. मग गोधडीची खोळ बडी मशीनवर नीट चढवली आणि कबाडीवाल्याला सांगितलं की हिला तशीच ने, रस्त्यात हादरे बसतात.

महिनाअखेर निरोपसमारंभ झाला. नारळ, शाल, समोसे, साहेबांचं भाषण. सर दोन मिनिटं बोलले, त्यातलं दीड मिनिट बॅकअप कुठे ठेवलाय याबद्दल होतं.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी जुन्या पाहणीची एक कोरी प्रश्नावली कपाटातून काढली आणि त्यांच्या गल्लीत गेले. बेल वाजवली. दार लगेच उघडलं. मी म्हटलं, सर्व्हेसाठी आलेय. सरांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या कागदांकडे पाहिलं, आणि आत जाऊन शर्ट बदलून आले.

खोली स्वच्छ होती. एक खाट, एक टेबल, भिंतीला लागून दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. तो त्यांनी उचलून खाली ठेवला आणि मला बसवलं. सुरुवातीलाच बजावलं की हे फाईलमध्ये घालायचं नाही, तेव्हा मी घरी नव्हतो ते नव्हतोच, तिथे नव्व्याण्णवच राहू दे. मी कबूल केलं. मग पहिला प्रश्न विचारला, कुटुंबात एकूण माणसं किती.

"एक," ते म्हणाले. मी लिहिलं.

पुढचे सगळे प्रश्न आम्ही क्रमाने घेतले. पाणी कुठून येतं, आठवड्यात भाजी किती वेळा, मागच्या महिन्यात कोणी आजारी पडलं का, पडलं तर शेजारी कोणाला सांगितलं. सर प्रत्येक उत्तर नीट विचार करून, पूर्ण वाक्यात देत होते. आजाराच्या प्रश्नाला त्यांनी मार्चमधला ताप सांगितला. तीन दिवसांचा होता, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. मी तेही लिहिलं. मार्चमध्ये त्यांनी तीन दिवस रजा घेतली होती तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर म्हटलं होतं की सरांशिवाय किती भराभर काम होतंय.

शेवटच्या पानावर माहिती देणाऱ्याची सही असते. सरांनी आयुष्यात हजारो लोकांकडून ती घेतली असेल. त्यांनी कागद सरळ केला, चष्मा पुसला आणि हळूहळू पूर्ण नाव लिहिलं. मी प्रश्नावली पिशवीत ठेवून उठले. ते दारापर्यंत आले, चपला घालेपर्यंत थांबले.

"काही विचारायचं राहिलं असेल तर पुढच्या रविवारी या," ते म्हणाले. "मी आता घरीच असतो."